गाव आपलं, पुस्तक इंग्रजी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्यांचं काम निघालं (मोतीबिंदू, दुसरं काय!) आणि ते उरकल्यावर जी वाचत सुटले ती आत्ता कुठे जरा थांबले. पुतण्या येताजाता पुस्तकं आणून देतो, काही मी स्वतः मागवली. टेबलावर चांगली थप्पी झाली आहे. योगायोग म्हणा की माझा हट्ट म्हणा, सगळी पुस्तकं एकाच मुलखाबद्दलची आहेत. दख्खन. म्हणजे आपणच की! आणि त्यातही मी शोधत असते ते आमचं नगर.

तुमच्यापैकी जे इतिहासाची नवी पुस्तकं वाचतात त्यांना ठाऊकच असेल, की गेल्या दहाबारा वर्षांत दख्खनवर इंग्रजीत पुष्कळ लिहून आलं. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या दोघांचं पुस्तक २०१४ चं. कल्याणी, रायचूर आणि वरंगळ या तीन गावांतले दगड, तोफा, देवळं आणि मशिदी बघत बघत त्यांनी तीनशे वर्षांचं राजकारण उलगडलं आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दख्खनच्या सुलतानांच्या काळातल्या चित्रांचं आणि वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याचा जाडजूड ग्रंथ नविना हैदर आणि मारिका सरदार यांनी केला. मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक नाही ते, पाटावरच ठेवावं लागतं. २०१८ मध्ये मनू पिल्लै यांचं 'रिबेल सुलतान्स' आलं, आणि त्याच वर्षी पुष्कर सोहोनी यांचं नगरच्या निजामशाहीच्या वास्तूंवरचं पुस्तक लंडनहून निघालं. २०१९ मध्ये पुन्हा ईटन, 'इंडिया इन द पर्शियनेट एज'. २०२२ मध्ये अनिरुद्ध कनिसेट्टी यांचं 'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन', ते त्याच्याही मागचं, चालुक्य-राष्ट्रकूटांचं.

पिल्लै गप्पा मारल्यासारखं लिहितात. गाडीत वाचायला छान. कनिसेट्टी वयाने तरुण, आणि लिहिणं तर सिनेमा बघावा तसं. वेरूळच्या कैलासाबद्दलची पानं मी दोनदा वाचली. पण राजाच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल हे लेखक सांगायला लागला की माझ्यातली बाई जागी होते. वर्गात असते तर समासात लाल शाईने 'आधार?' असं लिहिलं असतं. असो. वाचक इतिहासाकडे वळत असेल तर एवढं चालायचंच.

सोहोनींचं पुस्तक मात्र अगदी वेगळं. त्यात रंगवणं नाही, की गोष्ट सांगणं नाही. नकाशे, मोजमापं, कोणती भिंत आधीची, कोणती नंतरची. गावं, महाल, मशिदी, कबरी, एकेक घेऊन शांतपणे चाललं आहे. कोरडं म्हणाल तर कोरडं. पण मला सगळ्यांत जास्त दिलं ते याच पुस्तकाने. कारण त्यातली प्रत्येक इमारत मी पाहिलेली, निदान तिच्यावरून गेलेली. मुलींच्या सहली नेलेल्या. डबे खाल्लेले तिथे!

आमच्या पाठ्यपुस्तकांत निजामशाही कशी यायची आठवतं का? बहमनी राज्याची पाच शकलं झाली, त्यांची नावं आणि राजधान्या पाठ करा. आदिलशाही विजापूर, कुतुबशाही गोवळकोंडा, इमादशाही वऱ्हाड, बरीदशाही बीदर, निजामशाही अहमदनगर. मग चांदबीबीचा एक परिच्छेद. मग शहाजीराजे. म्हणजे निजामशाही जन्माला आली कशासाठी, तर शहाजीराजांना नोकरी देण्यासाठी! नगरच्या मुली नगरमध्ये बसून हे वाचायच्या आणि शाळा सुटल्यावर ज्या वेशीतून घरी जायच्या ती कुणी बांधली हे पुस्तकात कुठेच नसायचं.

तर हे राज्य १४९० ते १६३६ असं जवळजवळ दीडशे वर्षं टिकलं. पहिला अहमद निजामशाह. त्याचा बाप मलिक हसन, बहमनी दरबारातला मोठा सरदार. तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं फेरिश्ता सांगतो. फेरिश्ता काही ऐकीव लिहिणारा नव्हे, तो लहानपणीच नगरला आला, इथेच वाढला, इथे चाकरी केली, आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. म्हणजे दख्खनचा सर्वांत नावाजलेला इतिहासकार हा एका अर्थी आमचा गाववाला. हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि वास्तू म्हणाल तर, नगरला विजापूरसारखा गोलघुमट नाही, गुलबर्ग्यासारखी अवाढव्य मशीद नाही. म्हणून प्रवासी येतात, किल्ला बघतात (नेहरूंनी तिथे १९४२ ते १९४५ कैदेत असताना पुस्तक लिहिलं म्हणून) आणि शिर्डीला जातात. इथलं वैभव वेगळ्या ठिकाणी होतं. ते होतं पाण्यात आणि बागांत. फराहबाग घ्या, आमच्या बोलीत फऱ्याबाग. चहूबाजूंनी हौद आणि मधोमध अष्टकोनी महाल. एकदा बांधून झाला, तो सुलतानाला पसंत पडला नाही, पाडला, आणि पुन्हा बांधला, तो १५८३ मध्ये पुरा झाला. सीना नदी ती केवढीशी, पाऊस तो असा, आणि अशा गावात राजाला महाल हवा तो पाण्याच्या मधोमध! हट्ट म्हणायचा की काय म्हणायचं? पण त्या हट्टापायी या लोकांनी दूरवरून खापरी नळांनी गावात पाणी खेळवलं. मांजरसुंब्याच्या डोंगरावरसुद्धा पाणी चढवून महाल थंड ठेवला. आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने हे वाचावं आणि गप्प बसावं.

दमडी मशीद मला सगळ्यांत आवडते. १५६७-६८ ची, साहिरखान नावाच्या सरदाराने बांधलेली. एवढीशी आहे. पण दगडावरची नक्षी अशी की सुताराने लाकूड कोरावं तशी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून बांधली, अशी गोष्ट गावात सांगतात. दगड बघितला की दमड्यांत भागलं नसावं हे कळतं, पण गोष्ट मात्र सोडवत नाही.

आता अक्कांबद्दल सांगायलाच हवं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय ८३, जुनी सातवी शिकलेल्या, वाचनाची आवड अशी की भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचतील. मराठीतलं सगळं वाचून झालं आहे. इंग्रजी येत नाही. हल्ली आमच्याकडेच असतात. दुपारी चहाच्या आधी मी या पुस्तकांतलं एकेक पान त्यांना मराठीत सांगते. वाचून दाखवते म्हणणं बरोबर नाही, कारण डोळ्यांसमोर इंग्रजी आणि तोंडात मराठी असा कारभार असतो. शाळेत बेचाळीस मुलींसमोर जेवढी तयारी लागायची त्याहून जास्त एकट्या अक्कांसाठी लागते.

सलाबतखानाच्या कबरीचं प्रकरण आलं तेव्हा तर भांडणच झालं. पाथर्डीच्या रस्त्याला शाहडोंगरावर जी तीनमजली अष्टकोनी इमारत दिसते ना, तिला सगळं नगर 'चांदबीबीचा महाल' म्हणतं. वास्तविक ती मुर्तझा निजामशाहाच्या वजिराची, सलाबतखानाची कबर. हा १५८९ मध्ये वारला. फऱ्याबागही याच्याच देखरेखीखाली पुरी झाली. भातोडीचा तलाव बांधला तोही यानेच. मी हे सगळं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोण मेला सलाबतखान? तिथे चांदबीबीच होती. आमच्या आजीने सांगितलंय."

"अक्का, आत कबर आहे. महालात कुणी कबर बांधेल का?"

"मग तिचीच असेल!"

यावर काय बोलणार! पण नंतर रात्री मला वाटलं, गाव असंच करतं. सलाबतखानाने तलाव बांधला, बाग केली, राज्य चालवलं, तरी त्याचं नाव कुणाच्या ओठावर नाही. चांदबीबी तटावर उभी राहिली, १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांना तिने परतवलं आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. गावाने डोंगरावरची सगळ्यांत उंच इमारत तिच्या नावे करून टाकली. सोहोनींच्या पुस्तकात कबर कुणाची ते मिळतं. अक्कांच्या आजीकडे गावाला कोण आठवतं ते मिळतं. मला दोन्ही हवं आहे.

याच्यापुढचं जे आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी हस्तलिखित आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीने नगरच्या हुसेन निजामशाहाची स्तुती केली आहे. १५६५ ची तालिकोटची लढाई झाली त्याच सुमाराचं. त्यात बारा चित्रं उरली आहेत. दख्खनमध्ये काढलेल्या आणि आज हाती असलेल्या अगदी जुन्या चित्रांत त्यांची गणना होते. चित्रकलेचे जाणकार जगभरातून ज्याचा दाखला देतात ते पुस्तक सदाशिव पेठेत आहे, हे किती मराठी माणसांना ठाऊक असेल?

या काव्यात राजाच्या बरोबरीने राणीचीही स्तुती आहे. खुंझा हुमायून तिचं नाव. चित्रांत ती राजाच्या शेजारी, सिंहासनावर बसलेली होती. 'होती' असं म्हणते, कारण बहुतेक चित्रांत ती आता नाही. हुसेनशाह १५६५ मध्ये वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून राज्यकारभार हिने हातात घेतला. पडद्याआडून नव्हे, उघड. पुढे मुलगा मोठा झाला, सरदारांनी कान भरले, आणि मुलानेच आईला कैदेत टाकलं. त्यानंतर कुणीतरी ते पुस्तक काढलं आणि पानापानावर तिच्या आकृतीवर रंग फासून ती नाहीशी केली. राजा तिथेच आहे, गादी आहे, दासी आहेत, आणि राजाच्या शेजारी नुसता डाग.

मी ते चित्र छापील पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं. नवी पुस्तकं वाचताना कित्येक नवी नावं डोळ्यांखालून जातात आणि विसरतात, पण हा डाग विसरता येत नाही.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिला मुलगी नव्हती का?"

"होती ना. चांदबीबी!"

अक्का उठूनच बसल्या. "अगं मग आधी नाही का सांगायचं? चांदबीबीची आई! म्हणजे लेकीनं जे केलं ते तिनं आईचं बघितलेलं होतं."

हे वाक्य मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. इतिहासकार म्हणून ते लिहिता येणार नाही हेही कबूल. पण आईने राज्य चालवलं, तिला मुलाने बंदीत टाकलं, आणि तिसएक वर्षांनी लेक त्याच गावाच्या तटावर उभी राहिली, या दोन गोष्टी एका ओळीत मांडायला अक्कांना सातवी पुरली.

आणखी एक गंमत. त्याच हस्तलिखितात एका चित्रात एक स्त्री झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलून येतं. हे फारसी नव्हे! हे आपलं दोहद. सुंदर स्त्रीने लाथ मारली की अशोक फुलतो, हा संस्कृत कवींचा लाडका संकेत. कालिदासाची मालविका हेच करते. आणि या 'दोहद' शब्दापासूनच आपला 'डोहाळे' शब्द आला. म्हणजे नगरच्या मुसलमान सुलतानासाठी फारसीत काव्य लिहिलं गेलं, आणि चित्रकाराने त्यात काढलं काय, तर झाडाचे डोहाळे! ही गोष्ट मी ओळखीतल्या एका मुलीच्या डोहाळजेवणात सांगितली. दोघीचौघींनी ऐकली, बाकीच्या ओटीच्या नादात होत्या.

ईटन ज्याला 'पर्शियनेट' म्हणतात ते हेच. फारसी नव्हे, इराणीही नव्हे. फारसी भाषा, दरबारी रीत, लेखनाची पद्धत, बागा, कपडे हे सगळं वापरणारं जग, मग धर्म कोणताही असो. त्या जगाच्या शेजारी आणि त्यात मिसळून संस्कृतचं जग होतं, असं ते म्हणतात. आता 'पर्शियनेट'ला मराठीत काय म्हणायचं? मी चार दिवस डोकं खाजवत होते. 'फारसीप्रभावित' असं लिहिलं तर सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. शेवटी अक्कांना समजावताना मी शाळेचंच उदाहरण घेतलं. मुलगी दप्तर घेऊन येते. दप्तर फारसी. त्यात कागद, तोही तिकडूनच आलेला. पूर्वी शाई आणि दौत असायची. बाई खुर्चीवर बसून हजेरी घेतात. फळ्यावर तारीख लिहितात. शिपाई नोटीस घेऊन येतो. बाईंना रजा हवी असते. फळा, विद्यार्थी आणि परीक्षा तेवढी आपली! अक्का म्हणाल्या, "म्हणजे मिठासारखं. वेगळं काढता यायचं नाही." मी वहीत तसंच लिहून ठेवलं.

शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो यामुळेच ना. फारसी शब्द इतके रुजले होते की त्यांना पर्याय देण्यासाठी कोशच लागला. आणि तरीही पुढे शंभर वर्षं पुण्यात बसून राज्य कुणी केलं? पेशव्यांनी. पेशवा शब्द फारसी, आणि तो हुद्दा त्यांच्या आधी नगरच्या मलिक अंबरकडे होता. हा अंबर आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि १६२४ मध्ये भातोडीला मोगल आणि विजापूर दोघांच्या एकत्र फौजांना त्याने धूळ चारली. त्याच लढाईत शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी पडले. या दोघां भावांची नावं ज्या शाह शरीफांवरून ठेवली अशी परंपरा आहे, त्यांचा दर्गा नगरमध्येच आहे. ईटननी २००५ मध्ये दख्खनच्या सामाजिक इतिहासावर आठ माणसांच्या चरित्रांतून एक पुस्तक लिहिलं. त्यात मलिक अंबर आहे, आपले तुकोबा आहेत आणि ताराबाईही आहेत. या तिघांना एका मांडवात बसवायचं आपल्याला का सुचलं नाही?

नाही, हे म्हणणं तितकंसं खरं नाही. आपल्याकडे सुचणारी माणसं होती. भ. ग. कुंट्यांचं 'अहमदनगरची निजामशाही' १९६२ चं आहे, तबातबाच्या फारसी बखरीवरून केलेलं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, कवितेतून वेळ काढून! ग. ह. खऱ्यांचं 'मूर्तिविज्ञान' १९३९ चं. म. श्री. माट्यांनी मराठ्यांच्या वास्तुकलेवर इंग्रजीत लिहिलं आणि मराठी वाचकासाठी 'प्राचीन कलाभारती'ही लिहिलं. एकच माणूस, दोन्ही हातांनी. ज्या हस्तलिखिताबद्दल वर लिहिलं ते संपादून छापलं कुणी? गो. त्र्यं. कुलकर्णी आणि हेच माटे, १९८७ मध्ये. आजच्या जाड इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी बारीक टाइपात संदर्भांची यादी असते ना, ती वाचायची मला सवय आहे. तिथे ही मंडळी भेटतात. आपल्याच गावातले जुने शेजारी परगावच्या लग्नात भेटावेत तसं होतं. आणि ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' तर ॲन फेल्डहाउसबाईंनी २०११ मध्ये इंग्रजीत नेलं. म्हणजे मराठीतून तिकडे रस्ता आहे. तिकडून इकडे यायचा रस्ता मात्र खचला आहे.

सोहोनी स्वतः पुण्याचे, आडनावावरून घरची भाषा कोणती हे सांगायला नको. माझी त्यांच्यावर तक्रार नाही. विद्वानांनी इंग्रजीत लिहिलं नाही तर जगातले दुसरे विद्वान वाचणार कसे? शिवाय असल्या पुस्तकाला लागतो तो खर्च, तो वेळ, ते नकाशे, हे सगळं मराठीत कुणी करू म्हटलं तर त्याला कोण देणार? प्रश्न पुढचा आहे. पुस्तक निघालं, मग? किंमत हजारांत. मी एका वाचनालयात घ्या म्हणून अर्ज दिला. तिथले चिटणीस भला माणूस. म्हणाले, "बाई, इंग्रजी वाचणारे सभासद किती आणि त्यांतले कबरींवरचं वाचणारे किती?" उत्तर मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. दोघांचा हिशेब एकच आला, मी.

आणि हे नेमकं आत्ता व्हावं याचं मला जास्त वाटतं. २०२४ मध्ये आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या. घाट बांधणारी, देवळं उभारणारी, विहिरी खोदणारी बाई. तिचं नाव गावाला असावं यात मला आनंदच आहे. मी जुन्या सवयीने नगर म्हणते, माफ करा, जीभ वळत नाही. पण नावाची चर्चा चालू होती तेव्हा चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत निजामशाहीबद्दल जे जे बोललं गेलं, त्यात एकालाही फऱ्याबागेची तारीख ठाऊक नव्हती. बाजूने बोलणाऱ्यांना नव्हती, विरुद्ध बोलणाऱ्यांनाही नव्हती. ज्याला ठाऊक होती त्याचं पुस्तक लंडनहून निघालेलं. आणि तिकडे महालाच्या भिंतीवर बदामात बाण काढून नावं कोरणारी पोरं आपलीच. कदाचित माझ्या विद्यार्थिनींची पोरं. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही, तर त्यांच्या लेखी ती नुसती जुनी भिंत.

म्हणून मी एक उद्योग सुरू केला आहे. दोनशे पानी वह्या आणल्या. अक्कांना दुपारी जे सांगते ते संध्याकाळी मराठीत लिहून काढते. भाषांतर नव्हे हं! भाषांतराला परवानगी लागते, आणि माझी तेवढी लायकीही नाही. वाचून मला जे समजलं ते माझ्या शब्दांत, कुणाच्या पुस्तकातून समजलं ते बाजूला लिहून. आतापर्यंत दोन वह्या भरल्या. छापणार कोण वगैरे विचारू नका, मीही विचारत नाही. शेजारची नववीतली मुलगी तीन दिवस वही घेऊन गेली होती. परत आणली तेव्हा दोन पानांत चिंचेचं बुटूक सापडलं, म्हणजे वाचली असणार.

या लिहिण्यात खरी मजा शब्दांची आहे. कमान, घुमट, मिनार हे चालतातच. भिंतीतला कोनाडा हा आपला. पाण्याच्या नळावर मधूनमधून उभे केलेले हवा सुटायचे मनोरे असतात, त्यांचं इंग्रजीत दोन ओळी वर्णन आहे. मराठीत एक शब्द तयार आहे, उच्छ्वास. पुण्यात कात्रजच्या नळाला हाच शब्द वापरतात. नळ श्वास टाकतो! ज्याने हा शब्द केला त्याच्या पाया पडावंसं वाटतं. असा शब्द सापडला की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

एका ठिकाणी मात्र अडले आहे. खोली चौकोनी असते आणि वर घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा कसा? तर वरच्या चारही कोपऱ्यांत तिरपी कमान टाकून आधी चौकोनाचा अष्टकोन करायचा, आणि मग त्याच्यावर गोल बसवायचा. इंग्रजीत त्या कोपऱ्यातल्या कमानीला 'स्क्विंच' म्हणतात. आमच्या गावात पाचशे वर्षांपूर्वी शेकडो हातांनी हे काम केलं, तेव्हा ते एकमेकांना वरून हाक मारून काहीतरी म्हणत असणारच. "अरे तो अमका जरा डावीकडे घे!" तो अमका कोण? कोशांत पाहिलं. दोन इंजिनिअरांना विचारलं, त्यांनी 'स्क्विंच'च सांगितलं. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत पिढीजात गवंडी असेल, दर्ग्यांची नाहीतर देवळांची जुनी कामं दुरुस्त करणारा, तर त्याला तेवढं विचारून मला कळवा. वर सांगितलं तसं हाताने कोपरा दाखवून विचारा, म्हणजे त्याला कळेल. तिसऱ्या वहीत सतराव्या पानावर त्या शब्दापुरती जागा मोकळी सोडून पुढे लिहिते आहे.